सातवा गठ्ठा

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. साध्या कागदावर योग्य आकडे आणि योग्य सही आली की त्या कागदाचं काय होतं, हे नाशिकच्या पोराला शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं. त्यामुळे 'माहिती हीच संपत्ती' एवढं सांगायला मुंबईहून कुणी एसी गाडीनं यावं आणि त्याचे पैसे घ्यावेत, याचं आम्हाला जरा नवल वाटतं. पैसे घेण्याचं नव्हे. गंगेवर संकल्प सांगणाराही दक्षिणा घेतोच. नवल याचं, की संपत्तीबद्दल बोलणाऱ्या या माणसाला स्वतःचं भाषण सापडत नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात असं व्याख्यान ऐकायचा योग आला. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथला चहा चांगला होता. गुरुजींनी (हल्ली यांना कन्सल्टंट म्हणतात) पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर फायलींची यादी आली : 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सुधारित' आणि 'हेच वापरा'. अख्ख्या हॉलनं मनातल्या मनात 'हेच वापरा'ला मत दिलं. गुरुजींनी ते उघडलं. ते कुठल्याशा दूध संघासाठी केलेलं निघालं. पहिल्याच पानावर म्हैस होती. पण गुरुजी धंद्यात मुरलेले. ते एक क्षणही अडखळले नाहीत. म्हशीकडे बोट दाखवून म्हणाले, "समजा, ही तुमची संस्था आहे." पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली, आणि त्यांच्याकडे पाहून दुसऱ्या रांगेनं.

म्हशीवरून गुरुजी मुद्द्यावर आले. योग्य माहिती, योग्य वेळी, योग्य माणसाला. हे वाक्य ते तीनदा म्हणाले, कारण तिन्ही 'योग्य'वर वेगळा जोर द्यायचा होता. मागच्या रांगेत निफाडकडचा एक सुपरवायझर बसला होता. त्याचा भाऊ त्या घटकेला लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली लावून रांगेत उभा होता. गुरुजी माहितीचं मोल समजावत असताना हा टेबलाखाली मोबाइल धरून प्रत्यक्ष माहिती गोळा करत होता : लासलगावला काय निघाला, पिंपळगाव बसवंतला काय, विंचूरला लिलाव सुरू झाला का. बाजार समिती रोज तीन भाव जाहीर करते, किमान, कमाल आणि सरासरी. यातला कमाल भाव नेहमी शेजाऱ्याच्या ट्रॉलीला मिळालेला असतो. किमान आपल्याला. आणि 'आमचा कांदा सरासरी भावानं गेला' असं सांगणारा शेतकरी निफाड तालुक्यात अजून जन्माला यायचाय. तरी संध्याकाळी टीव्हीवर दाखवतात ती सरासरी, आणि दिल्लीला पोचते तीही सरासरीच. शिवाय लिलावात पुकारलेला भाव ही काही अखेरची माहिती नव्हे. ट्रॉली खळ्यावर जाते, खालचा माल वर येतो, आणि व्यापारी 'वांधा' काढतो. मग भावात सुधारणा होते. खालच्या दिशेनं.

माहितीला वेळेची किंमत असते हे या मंडळींना कुणी शिकवलं नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, शनिवारी, केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. सोमवारी जिल्ह्यातले लिलाव बंद. शुक्रवारी ज्यानं ट्रॉली खाली केली, तो गावात दूरदृष्टीचा म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे सोसायटीच्या निवडणुकीत उभाही राहिला असेल. वास्तविक शुक्रवारी त्याला मुलीच्या फीचे पैसे भरायचे होते.

चहानंतर गुरुजींनी आयएसओ काढलं. आयएसओ ९००१ या मानकाची २०१५ची आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात ७.१.६ असं एक नवं कलम आलं. संस्थेला आपलं काम करायला जे ज्ञान लागतं ते तिनं हेरावं, जपावं आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवावं, असा त्याचा मतलब. ही आवृत्ती सप्टेंबर २०१५मध्ये बाहेर पडली. त्याच महिन्यात नाशकात सिंहस्थ ऐन भरात होता, आणि रामकुंडावर बसलेली काही मंडळी हे कलम न वाचता पाळत होती. त्यांचे आजे-पणजेही पाळत आले होते. त्यांच्याकडे आपण येऊच. आधी कारखान्यात ते कसं पाळतात ते पाहू.

ऑडिटच्या आदल्या आठवड्यात कारखान्यात जितकी माहिती तयार होते, तितकी उरलेल्या वर्षात होत नाही. रजिस्टरं भरली जातात. वर्षभराचं रजिस्टर एका बैठकीत भरलं असं वाटू नये म्हणून एक निळं, एक काळं आणि एक संपत आलेलं अशी तीन पेनं घ्यावी लागतात, आणि मार्च महिन्यात कुठे तरी चहाचा डाग पाडावा लागतो. ज्याचा डाग नैसर्गिक दिसतो त्याला क्वालिटी विभागात मान असतो. ड्रॉइंगवर 'नियंत्रित प्रत' असा लाल शिक्का बसतो. ती नियंत्रित प्रत भिंतीवरच्या काचेत असते. जॉब मात्र मशीनवाल्याच्या खिशातल्या डायरीवरून होतो, कारण ड्रॉइंगमध्ये दिलेलं माप घेतलं की पीस रिजेक्ट होतो हे त्याला बारा वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. ऑडिटर आला की डायरी खिशात जाते आणि माप काचेतलं सांगितलं जातं. दोन्ही बाजूंचं समाधान होतं.

या सगळ्यावर स्टोअरमधले मामा. प्रत्येक कारखान्यात असे एक मामा असतात. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर. कंपनीनं बरेच पैसे घालून ईआरपी बसवलं तेव्हा प्रत्येक वस्तूला चौदा आकडी कोड मिळाला. कोड भरायला तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळी पोरं आली. एकानं 'बेअरिंग' लिहिलं, दुसऱ्यानं 'बेरिंग' आणि तिसऱ्यानं 'बॅरिंग'. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन भिन्न वस्तू झाल्या. पहिलीचा साठा बारा, दुसरीचा शून्य, तिसरीचा वजा चार. वजा चार बेअरिंग कपाटात कशी दिसतात हे पाहायला हिशेब खात्यातून एक माणूस मुद्दाम आला होता. मामांना विचारलं तर ते वर न पाहता सांगत, "सहा आहेत. दोन खराब आहेत. चार धरा." आणि चार निघत.

मामा निवृत्त व्हायचे होते. शाल आणली, श्रीफळ आणलं, आणि एचआरच्या कुणाला तरी ७.१.६ आठवलं. एक हुशार मुलगा लॅपटॉप घेऊन मामांच्या शेजारी बसवला. नॉलेज ट्रान्सफर. मुलानं विचारलं, "मामा, तुमची प्रोसेस सांगा." मामांनी खूप विचार केला. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपलं काम दोन वाक्यांत सांग म्हटलं की तो गांगरतोच. शेवटी म्हणाले, "प्रोसेस कसली आलीय? बघायचं आणि द्यायचं." मुलानं टाइप केलं : '१. वस्तू पाहणे. २. वस्तू देणे.' त्याखाली तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तिघांच्या सह्या झाल्या. ऑडिटरनं त्या कागदाचं कौतुक केलं म्हणतात.

पहिल्याच सोमवारी मामांना फोन गेला. ते दिंडोरीकडच्या शेतावर टोमॅटोला पाणी देत होते. म्हणाले, "निळ्या कपाटाच्या मागं, रंगाच्या डब्याखाली." सापडलं. मंगळवारी परत फोन. बुधवारी मामांनी उचलला नाही. पुढच्या महिन्यापासून मामा सल्लागार म्हणून येऊ लागले, जुन्या पगाराच्या वर. आपलीच माहिती आपण दरमहा विकत घेतो आहोत हे मोठ्या साहेबांना कळलं, पण कॉम्प्युटरमध्ये तो खर्च 'किरकोळ' या शीर्षाखाली गेला होता, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही.

खासगी कारखान्यांना हसणं सोपं आहे. सरकारचं तसं नाही. कागद कसा ठेवावा याचा आपल्या सरकारनं जेवढा विचार केला आहे तेवढा कुठल्या कन्सल्टंटनं केला नसेल. शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ऐंशीच्या दशकात कचेरीची घडी अशी बसवली की 'लखिना पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. आणि सहा गठ्ठे पद्धत तर आपल्या कुठल्याही कारकुनाला झोपेत येते : हातातली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, नियतकालिक विवरणं, कायम लागणारे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग. 'अ' वर्गाचा कागद कायमचा जपायचा, 'ड' वर्गाचा वर्षभरानं फाडायचा. इतकी शहाणी व्यवस्था आहे की वाचताना डोळे पाणावतात.

अडचण सातव्या गठ्ठ्याची. नियमात तो नाही, पण प्रत्येक कचेरीत असतो. खिडकीच्या कट्ट्यावर, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून वर स्टेपलर ठेवलेला. त्यात नेमकं आपलं प्रकरण असतं. त्याचा वर्ग कोणता हे विचारलं तर उत्तर मिळतं, "ते भाऊसाहेबांना माहीत." भाऊसाहेब मीटिंगला. भाऊसाहेबांची बदली झाली की सातवा गठ्ठाही त्यांच्याबरोबर जातो. कागद तिथेच राहतात, पण त्यांचा अर्थ इगतपुरीला रुजू होतो.

मग माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्राचा कायदा २००२चा, देशाचा २००५चा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. या कायद्यानं बरंच काही उजेडात आणलं, यात वाद नाही. पण कायद्याला मागता येते ती असलेली माहिती. नसलेल्या माहितीसाठी आपल्या प्रशासनाकडे 'निरंक' हा शब्द तयार आहे. तीस दिवस आतुरतेनं वाट पाहावी, पाकीट फोडावं, आणि आत स्वच्छ अक्षरात, जावक क्रमांकासह, 'निरंक'. निदान जावक क्रमांक तरी मिळतो. तो जपून ठेवावा, अपिलाला लागतो.

अभिलेख कक्षाचे दिवस कसे पालटतात हे मात्र २०२३ साली साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग सगळ्या राज्यासाठी. ज्या खोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हेही कुणी विचारत नव्हतं, त्या खोल्यांपुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं, शाळांची जनरल रजिस्टरं, महसुली दप्तरं बाहेर निघाली. त्यांवरची धूळ 'अ' वर्गातली होती. बरेच कागद मोडीत, आणि मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्या आजोबांना घरात 'मोडी शिकून काय करणार होतात?' असं आयुष्यभर ऐकावं लागलं, त्यांना तहसीलची जीप न्यायला आली. कपाट साफ करा असा आदेश आला असताना आळसामुळे तसंच ठेवणारे काही कर्मचारी त्या वर्षी द्रष्टे ठरले. माहितीच्या व्यवस्थापनात आळसाला केवढं स्थान आहे, यावर गुरुजींच्या पेनड्राइव्हमध्ये काही नव्हतं.

आता गंगेवर जाऊ. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि दुरुस्त करणाऱ्याकडे दयेनं पाहतो.

रामकुंडाजवळ पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सरकारी यंत्रणा आकडा जाहीर करते, इतके हजार क्यूसेक. आकडा अचूक असतो. त्यानं कुणाच्याही पोटात गोळा येत नाही. पण 'पाणी मारुतीच्या कमरेला लागलं' म्हटलं की सराफ बाजारात दागिने वरच्या मजल्यावर जायला लागतात आणि भांडीबाजारात पातेली एकमेकांत बसतात. छातीला लागलं की पोटमाळे भरतात. गळ्याशी आलं की लोक पूर पाहायला निघतात आणि पोलिसांना दोन कामं होतात. २००८ आणि २०१६ साली पुरात मारुतीचं काय झालं हे ज्यांनी पाहिलं ते अजून हातवारे करून सांगतात. आणि त्याच्याही वर, नारोशंकराच्या देवळाची ती मोठी घंटा. वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांची. तिला पाणी लागलं म्हणजे पुढे विचारायचं काही राहत नाही. कंपन्या हल्ली 'डॅशबोर्ड' बनवून घेतात, हिरवा-पिवळा-लाल. आमच्याकडे तो दगडाचा आहे, शेंदूर लावलेला, आणि त्याला पासवर्ड नाही.

त्याच घाटावर ती मंडळी बसतात ज्यांचा उल्लेख वर आला. नाशिकचे तीर्थोपाध्ये. ब्रिटिशांनी १८८३ साली बॉम्बे गॅझेटिअरचा नाशिक खंड काढला, त्यातही त्यांच्या वह्यांची दखल आहे. आणि गॅझेटिअरवाले साहेब लोक एतद्देशीयांच्या टापटिपीचं कौतुक करण्यात फारसे उदार नव्हते.

पद्धत अशी. घाटावर पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" नाव नंतर. आडनाव दुसरं. कारण आडनावं महाराष्ट्रात पोत्यानं आहेत. पाटील म्हणून शोधायला लागलं तर सिंहस्थ संपेल. मूळ गाव, मग आडनाव, मग जात, मग आजोबांचं नाव. अमुक तालुक्यातली अमुक गावं अमुक उपाध्यांची, हे वाटप पिढीजात आहे आणि ते घाटावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. आपण चुकीच्या ओट्यावर गेलो तरी तो माणूस हात वर करून सांगतो, "तुमचे ते तिकडे, वडाखाली." स्वतःचा धंदा सोडून गिऱ्हाईक समोरच्याकडे पाठवणारी दुसरी बाजारपेठ मी पाहिलेली नाही. अधूनमधून यावरून भांडणं होतात, पण तीही माहितीच्या आधारे होतात.

एकदा शिकागोहून आलेलं एक कुटुंब घाटावर उभं होतं. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा, पन्नाशीचा, अर्ध्या चड्डीत.

"आपलं गाव?"

"शिकागो."

"ते कळलं. मूळ?"

"पुणे. कोथरूड."

"कोथरूड कुणाचंच मूळ नसतं, साहेब. त्याच्या आधी?"

त्यानं आईला फोन लावला. आई म्हणाली, काकांना विचार. काका म्हणाले, तात्यांना माहीत होतं. तात्या गेलेले. शेवटी आत्यानं सांगितलं. जुन्नरकडचं एक गाव. उपाध्यांनी मागच्या मुलाला नुसतं गावाचं नाव सांगितलं. लाल कापडात बांधलेली वही आली, पानं उलटली, आणि चहा गार व्हायच्या आत पणजोबा निघाले. १९३१ साली आले होते. स्वतःच्या हातानं लिहिलेलं, वळणदार : वडील अमके, आजोबा तमके, बंधू पाच, त्यांची नावं, चिरंजीव तीन.

"पाच?" मुलगा म्हणाला. "आम्ही तर चार घरं ऐकलीत."

"वहीत पाच आहेत," उपाध्ये म्हणाले. "सातबारावर किती आहेत ते तुमचं तुम्ही बघा."

मुलानं फोन खिशात टाकला. ही माहिती आत्याला लगेच कळवू नये एवढं शहाणपण शिकागोतही शिल्लक राहिलं होतं.

या वहीत आयएसओचं कलम ७.१.६ तर आहेच, बाकीची बरीच कलमंही आहेत. नोंद माणूस स्वतःच्या हातानं करतो, म्हणजे माहिती मुळातूनच येते आणि अक्षर हीच सही. प्रत्येक फेरीला मागची नोंद वाचून पुढची जोडली जाते, त्यामुळे वही आपोआप ताजी राहते. जुनी वही जीर्ण झाली की नवीन वहीत नक्कल उतरते. आणि आजोबांचं नाव सांगता आल्याशिवाय तुमचं खानदान तुमच्यापुढे उघडत नाही. बँकेचा ओटीपी याहून सहज मिळतो. नात्यागोत्याचे वाद कोर्टात गेले की तीर्थक्षेत्रांवरच्या अशा वह्या पुराव्यात पुढे येतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेनं मायक्रोफिल्म करून नेली.

हे सगळं का टिकलं? पुण्यकर्म म्हणून टिकलं असं कुणी म्हणालं तर उपाध्येच हसतील. वही ही इस्टेट आहे. भावाभावांत वाटणी होते तेव्हा वाडा, भांडी आणि वह्या वाटल्या जातात. मोठ्याला खानदेश, धाकट्याला कोकण. वंशपरंपरागत पौरोहित्याच्या हक्काला मुंबई हायकोर्टानं एकोणिसाव्या शतकातच स्थावर मालमत्ता मानलं होतं. म्हणजे यजमान भले शिकागोला असो, उपाध्यांच्या दृष्टीनं तो स्थावरच. वही हरवली तर उपाध्यांचा नुसता महिना बुडत नाही, पुढची पिढी बुडते. कचेरीतलं रजिस्टर हरवलं तर समिती बसते आणि तिला भत्ता मिळतो. स्टोअरचं रजिस्टर हरवलं तर मामांचा पगार वाढतो. इथून पुढे कुठल्याही गुरुजींनी माहितीच्या व्यवस्थापनावर बोलताना एवढं एकच विचारावं : ही माहिती गेली तर नेमकं कुणाच्या घरची चूल विझेल? उत्तर 'कुणाच्याच नाही' असेल तर सॉफ्टवेअर घेऊ नये, पैसे वाचतील.

वह्यांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. वही ही घाटावर येऊ दिलेल्यांची असते. रामकुंडापासून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर आहे, आणि त्या दारातून आत जाऊ द्या म्हणून २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना सत्याग्रह सुरू करावा लागला. शिकागोवाल्यांचे पणजोबा वळणदार अक्षरात नोंद करून गेले ते पुढच्याच वर्षी, तो सत्याग्रह चालू असताना. कुठलाही दप्तरखाना तपासताना आत काय आहे ते पाहावं, आणि दाराबाहेर कोण उभं होतं तेही.

आत आलेल्यांतही सगळे आहेत असं नाही. पणजोबांचे पाच भाऊ नावानिशी सापडतात, सहाव्या भावाची शंकासुद्धा सापडते. बहिणींचा पत्ता नाही. लग्न होऊन गेली की ती दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या वहीत, दुसऱ्या नावानं, कुणाची तरी पत्नी म्हणून. त्या दोन नोंदी एकच बाई आहे हे जोडून सांगणारी सोय ना उपाध्यांकडे आहे, ना ईआरपीत. तिथेही बेअरिंग आणि बेरिंग वेगळंच.

आता नवी पिढी आली आहे. उपाध्यांची मुलं इंजिनिअर झाली, काहींनी वह्या स्कॅन करायला घेतल्या. एका मुलानं फार उत्साहानं मला मोबाइलवर दाखवलं, वडील ओट्यावरून पाहत होते. मुलगा गाव टाइप करत होता. 'पिंपळगाव' टाकल्यावर अख्ख्या महाराष्ट्राची पिंपळगावं आली. वडील म्हणाले, "बसवंत की बहुला, की जळगावचं हरेश्वर? विचार ना त्यांना." मुलानं मान वर करून समोरच्या माणसाला विचारलं. ती शोधाची पद्धत अजून मोबाइलमध्ये आलेली नाही. येईल म्हणाला, पुढच्या सिंहस्थापर्यंत.

तेव्हा, वाचकहो, नाशिकला आलात आणि गंगेवर गेलात तर दोन गोष्टी घरून विचारून या : मूळ गाव आणि पणजोबांचं नाव. आत्याला विचारा, काकांच्या भरवशावर राहू नका. वही पुढे आली की घाई करू नका, सुवाच्य लिहा, आणि जेल पेन वापरू नका, पुराचं पाणी लागलं की ते पसरतं. मुलांच्या नावांबरोबर मुलींचीही नावं लिहा, त्यांच्या सासरच्या गावासकट. उपाध्ये हटकणार नाहीत. समासात भरपूर जागा असते.